चुरण्याच्या दिवसांतला फास्ट बोलर

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की बालाघाटच्या चारी बाजूंना धान पिवळं पडलं आहे, बांध्यांमधलं पाणी आटलं आहे आणि सकाळी सायकलवरून जाताना कान गार पडू लागले आहेत. सबब, आजपासून होळीपर्यंत प्रस्तुत लेखकाकडून कोणत्याही शहाणपणाच्या कामाची अपेक्षा ठेवू नये. घरच्यांनी ती केव्हाच सोडली आहे.

कारण धान कापलं की आमच्याकडे क्रिकेट सुरू होतं.

बाहेरगावच्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमचा क्रिकेटचा मोसम कॅलेंडर पाहून येत नाही, शेत पाहून येतो. टीममधली अर्धी माणसं शहरातली, म्हणजे शाळेतली, कोर्टातली, दवाखान्यातली. उरलेली अर्धी लांजीच्या रस्त्यावरच्या खेड्यांतली. त्यांच्या हातात विळा असेपर्यंत बॅट येत नाही. म्हणून कापणी आटोपली, धानाचे भारे एकावर एक रचून शेतोशेत घरांएवढे पुंजणे उभे राहिले, की शहरातल्या अर्ध्या टीमच्या अंगात येतं. क्लबच्या खोलीतून खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची मॅटिंग बाहेर काढायची. तिच्यात वर्षभर नांदलेल्या उंदरांच्या कुटुंबाला रजा द्यायची. बॅटींना जवसाचं तेल पाजायचं. त्या तेलाचा, काथ्याचा आणि ओल्या तणसाचा असा एक मिळून वास तयार होतो, आणि तो नाकात गेला की मी पन्नाशीला टेकलेला, चष्मा लावणारा गणिताचा मास्तर राहत नाही. मी गुडघे वाकवून स्टंपांमागे बसतो. काल तर मी भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातच तसा बसलो. सौभाग्यवतींनी मला हाताला धरून उठवलं आणि आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, "काही नाही, यांना दरवर्षी होतं."

होतं खरं. आणि दरवर्षी मला एकच हिवाळा आठवतो, साठ सालच्या आसपासचा, ज्या हिवाळ्यात सदूभाऊ नागपुरे फास्ट बोलरचे कोच झाले.

सदूभाऊ. काय माणूस! दाराच्या प्रत्येक चौकटीला वाकून नमस्कार करायला लागेल अशी उंची, कोळशासारखा रंग, आणि हात असे लांब की चालताना त्यांना ते कुठे ठेवावेत हा प्रश्न पडलेला दिसे. नोकरी नाक्यावर. दिवसभर गाड्या आल्या की बांबू वर, गाड्या गेल्या की बांबू खाली. लोक म्हणत, त्यांच्या खांद्यात ती ताकद बांबूने आणली. काहीही असो, संध्याकाळी ते मैदानावर येत, पायजम्याची नाडी आवळत, पिंपळापर्यंत चालत जात, आणि तिथून जे पळत सुटत ते पाहून नवा बॅट्समन आधी देवाचं नाव घेई आणि मग स्टान्स.

मी त्यांचा विकेटकीपर. जगाने त्यांची बोलिंग डोळ्यांनी पाहिली, मी तळहातांनी. चेंडू ग्लोव्हजमध्ये आला की हाताला झिणझिण्या येत, त्या कोपरापर्यंत चढत आणि तिथेच मुक्काम करत. आईने ग्लोव्हजच्या आत गोधडीचे तुकडे शिवून दिले होते. तरीही सोमवारी वर्गात मला खडू धरवत नसे. मुलांना वाटे, मास्तर आज तोंडी हिशेब घेणार.

या माणसाला छप्पन साली नागपूरहून बोलावणं आलं होतं. निवड चाचणी! आम्ही त्यांच्यासाठी नवे बूट आणले, त्यांच्या आईने चिवडा बांधून दिला. आणि नेमकी तेव्हाच राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही झोपलो ते नागपूर राजधानी असलेल्या राज्यात, आणि उठलो ते भोपाळ राजधानी असलेल्या राज्यात. नॅरोगेजची छोटी गाडी तीच, गोंदियाला उतरायचं ते फलाटही तेच. फक्त सदूभाऊ एका रात्रीत परप्रांतीय झाले. नागपूरवाले म्हणाले, तुम्ही आता तिकडचे. तिकडे आम्हाला ओळखत कोण होतं?

सदूभाऊ नव्या बुटांची जोडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मी तं हललोच नाई, मास्तर. माह्या पायाखालून राज्य निघून गेलं."

आणि मग हसले. इतके जोरात की समोरच्या घरचं कुत्रं भुंकायला लागलं. चिवडा आम्ही सगळ्यांनी तिथेच संपवला.

तेव्हापासून त्यांच्या क्रिकेटचा सगळा पसारा एका माणसापाशी येऊन थांबला. तिरोडीच्या बाजूला एक मँगनीजची खाण होती, तिची टीम दर हिवाळ्यात आमच्याशी खेळायला ट्रकमधून येई. सगळ्यांच्या बुटांवर, कॉलरवर, भुवयांवर काळी भुकटी. आणि त्यांच्यामधून धुतल्या तांदळासारखे उतरत ते मुखर्जी साहेब, खाणीचे इंजिनियर. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, तोंडात पाईप. बॅटिंगला येताना ते पाईप शांतपणे विझवून खिशात ठेवत, आणि आम्हाला कळे की आता संध्याकाळपर्यंत तो पेटणार नाही.

सदूभाऊंनी त्यांना कधीच आउट केलं नाही. कधीच! खाणीतले बाकीचे दहा त्यांनी भुईमुगाच्या शेंगांसारखे सोलले, पण साहेब तसेच. चेंडू स्टंपाला घासून गेला तर बेल्स हलून पुन्हा जागेवर बसत. एकदा झेल उंच उडाला, आमचा माणूस खाली तयार उभा, आणि मैदान ओलांडणाऱ्या एका म्हशीने मध्येच पाठ पुढे केली. सामना संपला की साहेब पाईप पेटवत, सदूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवत आणि मनापासून म्हणत, "नागपुरे, बहुत अच्छा डाला. अगले साल फिर मिलेंगे."

त्यात टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता. टोमणा असता तर सदूभाऊंना झोप लागली असती.

आणि मी म्हणतो त्या हिवाळ्यात, मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात, त्यांचा गुडघा गेला. सरावात चेंडू टाकताना कट्ट असा आवाज आला. मला वाटलं स्टंप मोडला, मी स्टंपाकडे पाहत राहिलो. सदूभाऊ मॅटिंगवर बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, आश्चर्य होतं. जणू कोणी न विचारता त्यांच्या घरात शिरलं होतं. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून, ठोकून पाहिला आणि सांगितलं की चालणं चालेल, सायकल चालेल, पण पळणं आता विसरा.

बस स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात आमची सगळी सभा भरे. तिथे त्या संध्याकाळी सदूभाऊ काठी टेकत आले. सगळे आधी कळवळले, आणि मग आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे चिडवू लागले.

"सदूभाऊ, आता स्कोअर लिहत बसा."

"नाई तं कोच व्हा! कोचले पळा लागत नाई, नुसतं तोंड पळवा लागते."

कोणीतरी हिंदीत भर घातली, "मुखर्जी साहब की तो निकल पड़ी! अब कौन डालेगा उनको?"

सदूभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हौ. कोच होतो. आयका सगळे. यंदाच्या सामन्यात साहेबाले मी नाई काढणार, माह्या हाताखालचा बोलर काढन. नाई काढलं त्यानं, तं सदू नागपुरे पुन्हा मैदानावर पाय ठेवणार नाई. पाहाले बी येणार नाई."

हॉटेलवाला चहा ओतायचा थांबला. सदूभाऊंना मैदानावर येऊ न देणं म्हणजे वैनगंगेला बालाघाटवरून जाऊ न देणं. आणि सदूभाऊ बोलले की बोलले. त्यांनी एकदा रागाने चहा सोडला होता तर अख्खा उन्हाळा ते त्याच हॉटेलात बसून गरम पाणी पीत होते.

मी घरी जाताना विचारलं, "सदूभाऊ, पण बोलर आहे कुठे?"

"धुंडू," ते म्हणाले. "जिल्हा लहान हाय का?"

*

ते शोधणं! आजही लांजीच्या रस्त्याला लागलो की माझी पाठ दुखते. सदूभाऊंना सायकल चालत असली तरी चढावर चालत नसे, म्हणून ते आधीपासूनच माझ्या कॅरिअरवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, खुंटांवर बगळे, दूर बैहरच्या डोंगरांची निळी रेघ, आणि माझ्या मागे बसलेला हा ताडमाड माणूस येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यांची परीक्षा घेतोय. "हा नाई. हा वाकला हाय. हा बरा, पण म्हातारा. मास्तर, जरा हळू, तो कोण ढेकूळ फेकून राह्यला?"

आणि मग तो दिसला. एका शेतात पुंजणं रचणं चाललं होतं. वर एकजण उभा, खाली एक उंच जवान माणूस त्याला भारे फेकून देतोय. आता धानाचा भारा कोणीही फेकला तर कोपर वाकवून, ढकलून फेकतो. हा फेकत होता सरळ हाताने, कानाजवळून, पवनचक्कीच्या पात्यासारखा हात फिरवून. आणि प्रत्येक भारा वरच्या माणसाच्या पोटाजवळ, एकाच जागी. वरचा माणूस शिव्या देत होता, "अबे हळू! मले पाडतो का?"

सदूभाऊ चालत्या सायकलवरून उतरले. म्हणजे पडलेच. पण पडूनही ते त्या हाताकडेच पाहत होते.

त्याचं नाव सुकराम. लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडलं होतं, ते बसवणाऱ्याने असं बसवलं की हात नीट वाकतच नव्हता. जेवताना त्रास व्हायचा बिचाऱ्याला. सदूभाऊंनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि असा कुरवाळला की सुकरामच्या बापाने काळजीने विचारलं, "डाक्टर हाय का जी हे?"

बापाची अट साधी होती. धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, घरात आल्याशिवाय पोरगा कुठे जाणार नाही. "खेळ गिळ सब मान्य हाय साहेब, पन चुरणं होऊ द्या. मंग न्या."

पण चुरणं होईपर्यंत सामना तोंडावर येऊन ठेपला असता! तेव्हा सदूभाऊंनी क्रिकेटच्या इतिहासात कोणी केलं नसेल ते केलं. त्यांनी नेट उचललं आणि खळ्यावर नेलं.

खळं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी डोळे मिटावेत. माती ओली करून, तुडवून, शेणाने सारवून अशी गुळगुळीत, घट्ट केलेली गोल जमीन की आमच्या मैदानाने लाजावं. मधोमध लाकडाची मेढ रोवलेली. तिच्याभोवती धान पसरायचं आणि बैलांची दावण गोल गोल फिरवायची. पेंढीतून दाणे गळतात, वर तणस राहतं. आमचा सराव दोन फेऱ्यांच्या मध्ये. बैल पाणी प्यायला गेले की आम्ही तणस बाजूला सारायचो, मेढ म्हणजे स्टंप, मेढीमागे मी, आणि सुकराम धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पळत यायचा. बैल परत आले की आम्ही बाजूला.

आता बैल फिरत असतानाही सुकरामला धुऱ्यावर पळण्याचा सराव करता यावा म्हणून त्याचं काम आम्ही वाटून घेतलं. शाळेतला गणिताचा मास्तर तणस झटकतोय, सदूभाऊ लंगडत बैलांमागे फिरतायत, आणि फिरता फिरता ओरडतायत, "सुकराम! डावा पाय! हर्र, हर्र! तुले नाई, बैलाले! डावा पाय सरळ टाक!" बैलांना काय कळायचं कोण जाणे, पण आठवड्याभरात त्यांची चाल सुधारली हे मी शपथेवर सांगतो.

चेंडू तणसात गेला की संपलं. अख्खं कुटुंब गोळा. सुकरामची बायको बिरजा, तिची सासू, शेजारपाजारी, सगळे उकरताहेत. बिरजा पदर खोचून तणसाच्या ढिगात गळ्यापर्यंत शिरायची आणि तिथून तिचा आवाज यायचा, "तुमच्या ह्या लाल बोरासाठी मले लगन करून आणलं का जी?" चेंडू मिळाला की ती तो अशी फेकायची की सदूभाऊ तिच्याही हाताकडे विचारमग्न होऊन पाहायचे.

आणि सुकरामची बोलिंग! धुऱ्यावरून तो यायचा, हात फिरायचा, चेंडू सारवलेल्या जमिनीवर एकदा टपकायचा आणि मेढीवर खण्ण! अख्ख्या शेतात तो आवाज जायचा. माझ्या तळहातांनी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. रात्री हात पाण्यात बुडवून बसलो होतो आणि मला इतका आनंद झाला होता की मी एकटाच हसत होतो.

*

पण एक अडचण निघाली, आणि ती अशी निघाली की मला आजही वाटतं, ती जगात दुसऱ्या कोणत्याही बोलरला आली नसेल.

क्रिकेटचा एक अजब कायदा आहे. माणूस आउट असला तरी कोणी विचारल्याशिवाय अंपायर तसं म्हणू शकत नाही. विचारावं लागतं. ओरडून. दांडी उडाली तर गोष्ट वेगळी, पण पायावर चेंडू लागला, एलबीचा मामला असला, तर विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि आमच्या टीमची त्याबाबत उलटीच ख्याती होती. आम्ही सगळ्यालाच ओरडायचो. स्टंपावर चिमणी बसली तरी. मागच्या वर्षी मुखर्जी साहेब वैतागून म्हणाले होते, "आप लोग क्रिकेट खेल रहे हैं कि नीलामी बोल रहे हैं?" ते सदूभाऊंना लागलं होतं. कोच होताच त्यांनी पहिला नियम केला: विचारेल तो फक्त बोलर. दुसरा कोणी ओरडला तर त्याने एकट्याने मैदानावर रोलर ओढायचा.

मी म्हणालो, "आणि कीपर?"

"मास्तर, तुमच्याचसाठी नियम केला."

म्हणजे आता सगळी भिस्त सुकरामच्या गळ्यावर. गळा होता! बैलांना हाक मारली की दुसऱ्या शिवारातले बैल थांबत. पण सदूभाऊ अंपायर म्हणून उभे राहिले, म्हणाले, "हं, पूस. हाऊज दॅट!" आणि सुकराम दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "का जी... झालं का जी?"

"अबे, पंगतीत वाढणं झालं का म्हणून पुसून राह्यला का? वरड!"

सुकरामने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आवाज आधीपेक्षा लहान.

"बैलावर वरडते नं तू?"

"बैल आपला हाय जी." सुकराम खाली पाहत म्हणाला. "नाक्यावर, कचेरीत, जंगलवाल्याइपाशी, आजवर मोठ्या माणसानं आपल्याले पुसलं. आपुन त्याइले कवा पुसलं? साहेबाले आउट हाय का म्हणून वरडून पुसाचं, ते बी चारचौघांत? माह्या बापानं नाई पुसलं कोनाले."

बैल मेढीजवळ उभे राहून तणस चघळत होते. सदूभाऊ काठीने तणस उकरत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेबाले नाई पुसाचं. अंपायरले पुसाचं."

"थो बी मोठाच असन नं जी."

रोज सराव झाला. बोलिंगचा नव्हे, विचारण्याचा. सदूभाऊ त्याला धुऱ्यावर उभं करत आणि स्वतः शेताच्या दुसऱ्या टोकाला जात, म्हणजे ओरडावंच लागेल. सुकराम ओरडण्याऐवजी पळत त्यांच्यापाशी येई आणि कानाशी विचारी. चुरणं संपलं, धान घरात आलं, मेढ उपटून निघाली, तरी सुकरामच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

परत येताना कॅरिअरवरून सदूभाऊ म्हणाले, "दांडीच उडवली त्यानं, तं पुसाची पाळीच नाई येणार."

"आणि नाही उडवली तर?"

वाटेत त्यांनी मला दोनदा थांबायला लावलं. उतरून ते नुसते रस्त्याकडे पाहत उभे राहिले, आणि मग पुन्हा बसले.

*

सामन्याच्या दिवशी अख्खं शहर मैदानावर. मैदानाच्या एका टोकाला, हद्दीपलीकडे, कोणाच्या तरी शेतातले पुंजणे अजून उभेच. खाणीचा ट्रक आला. साहेब उतरले, पाईप, स्वेटर, सगळं जागच्या जागी. रिवाजाप्रमाणे दोन्ही टीमांनी एकेक अंपायर द्यायचा. आमच्याकडून कोण, हा प्रश्न निघायच्या आतच साहेब म्हणाले, "नागपुरे खड़े होंगे. उनसे ज़्यादा ईमानदार आदमी मैंने नहीं देखा."

सदूभाऊंचा चेहरा पाहायला हवा होता. ज्याची विकेट पडली नाही तर मैदान सोडायचं, त्यानेच आपल्याला न्यायाधीश केलेलं! नाही म्हणता येईना. त्यांनी पांढरा कोट चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

आमची बॅटिंग झाली. तिच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही, तेव्हाही नव्हतं. मग खाणीची बॅटिंग. सुकराम सदूभाऊंच्या टोकाकडून. पांढरा पायजमा, अनवाणी, बूट त्याला रुतत. पहिल्याच चेंडूला खाणीच्या पहिल्या बॅट्समनची दांडी गुल! लोक उठले, टोप्या उडाल्या, बिरजा बायकांच्या घोळक्यातून काय ओरडली ते इथे लिहिता येणार नाही. सदूभाऊ मात्र निश्चल. हात पाठीमागे, नजर समोर, जणू दगडी अंपायर.

मग साहेब आले. पाईप विझवला. खिशात ठेवला.

आणि मग सुकराम आणि साहेब यांचं जे चाललं! चेंडू छातीपर्यंत उठतोय, साहेब मान बाजूला करतायत. चेंडू बॅटीची कड चुकवतोय, माझ्या ग्लोव्हजमध्ये धप्प. प्रत्येक चेंडूला मी पाहायचो ते साहेबांकडे नाही, सदूभाऊंकडे. चेंडू टाकायच्या क्षणी त्यांचा उजवा खांदा किंचित हलायचा. कोटाच्या आत, पाठीमागे धरलेल्या हातांची बोटं नसलेल्या चेंडूच्या शिवणीवर बसत असणार. गुडघा गेला होता. बोलर अजून गेला नव्हता.

ऊन पिवळं झालं. साहेब जमले. आणि मग सुकरामने एक असा टाकला की तो पडला तिथून आत वळला, साहेबांची बॅट थोडीशी उशिरा आली, आणि चेंडू त्यांच्या पायावर, अगदी मधल्या स्टंपासमोर, थप्प!

थांबा.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, आणि हा अधिकार मी सोडणार नाही. काय झालं ते मी सांगून टाकतो. साहेब आउट झाले. सदूभाऊंचं बोट वर गेलं. सामना आम्ही हरलो, आणि ते शहरातल्या कोणाच्या लक्षातच आलं नाही; हरलेल्या टीमची अशी वाजतगाजत मिरवणूक पुढे मी कुठेच पाहिली नाही. जाताना साहेब स्वतः सदूभाऊंपाशी गेले, पण या वेळी त्यांनी खांद्यावर हात ठेवला तो सुकरामच्या. सदूभाऊंनी त्यानंतर कधी अंपायरिंग केलं नाही. कोच मात्र ते अजून आहेत. जिल्ह्यात जो कोणी फास्ट बोलर झाला तो त्यांच्या हाताखालून. कालच मी मैदानावरून गेलो तर साठीला टेकलेले सदूभाऊ एका कॉलेजवाल्याला ओरडत होते, "डावा पाय! तुले नाई..." आणि मग स्वतःच थांबून हसले, कारण आजूबाजूला बैल नव्हते. सुकराम आता मोठा शेतकरी आहे, त्याच्या खळ्यावर मशीन आलं आहे. हे सगळं झालं, पण ते त्या क्षणानंतर. त्या क्षणाला यातलं काहीही ठरलेलं नव्हतं.

त्या क्षणाला चेंडू पायावर लागून मॅटिंगवर पडला होता आणि मैदान चिडीचूप होतं. मला दिसत होतं, साहेब आउट आहेत. इतके आउट की आंधळ्यानेही सांगावं. पण माझ्या तोंडावर रोलरचा नियम होता, आणि मी ग्लोव्हज दातांत धरले होते. स्लिपमधले दोघे डोळे वटारून उभे. सगळे सुकरामकडे पाहत होते. सुकराम खेळपट्टीच्या मध्ये उभा. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. साहेबांकडे त्याची नजर गेली आणि मान खाली आली.

आणि तेवढ्यात अंपायरच्या जागेवरून पांढरा कोट उडाला! मी उडाला म्हणतो तेव्हा खरंच उडाला. मोडक्या गुडघ्याचे सदूभाऊ नागपुरे हवेत उसळले, दोन्ही हात आभाळात, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणजे सवय, बोलर जसा वळतो तसे गर्रकन मागे वळले, साहेबांकडे पाठ करून, जिथे अंपायर असायला हवा तिकडे तोंड करून सगळ्या ताकदीने गर्जले, "हाऊज दॅट!"

समोर कोणीच नव्हतं. समोर पुंजणे होते, आणि एक माणूस बैल सोडत होता. तोही थबकला.

हात वर तसेच. मला मागून त्यांचे कोळशाच्या रंगाचे कानही लाल होताना दिसले. त्यांना कळलं होतं. अंपायरने स्वतःच विचारलेलं चालत नाही. आपल्या टीमच्या तोंडून शब्द निघाला नाही म्हणजे साहेब नाबाद. हे आम्हाला त्यांनीच तर शिकवलं होतं, आणि त्यांना ईमानदार म्हणणारा माणूस मागे बॅट टेकून उभा होता. ते हात हळूहळू खाली येऊ लागले. दंड, मग कोपर. पूर्ण खाली आले की सगळं संपणार होतं. विकेटही, आणि मैदानही. लोकांत कोणी हसलं नाही.

सुकराम त्या खाली येणाऱ्या हातांकडे पाहत होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा त्या पुंजण्यांकडे, ज्यांना त्याचे कोच प्रश्न विचारत होते. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. आणि नदीपलीकडच्या शिवारातही ऐकू गेलं असेल अशा, बैल थांबवायच्या आवाजात, हात न जोडता, तो चारचौघांत ओरडला:

"अवो भाऊ, तिकडं कोनी नाई जी! इकडं पाहा! पुसाचं काम माह्यं हाय, तुमी फकत सांगा! साहेब आउट हाय का नाई?"